परसामागचे गवे

दिवाळीच्या सुट्टीत गावाकडं येणाऱ्या आमच्या घरच्या मुलांचा पहिला प्रश्न पूर्वी फराळाचा असायचा. चकली झाली का, चिरोटे कधी करणार. अलीकडं पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारतात, "काकू, गवे आलेत का?" बेंगळूरला शिकणारी, पुण्याला नोकरी करणारी ही मुलं. तिथं त्यांच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. इथं परसातून गवे दिसतात, याचं त्यांना आमच्यापेक्षा जास्त अप्रूप.

यंदा मला "आलेत" असं सांगता आलं. शिवाय कळपात दोन वासरं आहेत, हेही. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. म्हणून या वेळचं सदरही त्यांच्यावरच.

आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडं. गावाचं नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढं कळेल. घरामागं परसू, परसाला लागून तात्यांचं वीस गुंठ्यांचं भाताचं शेत, शेताच्या कडेनं ओहोळ आणि ओहोळापलीकडं कारवीनं भरलेली टेकडी. टेकडीमागून जे रान सुरू होतं ते भीमगडाकडं जातं. भीमगड अभयारण्य जाहीर झालं २०११ साली, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. म्हादई उगम पावते ती याच रानात, आणि कणकुंबीला मलप्रभा. पश्चिमेला डोंगर उतरलं की गोवा. अभयारण्याची हद्द नकाशावर आहे, दगडांवर रंगानं लिहिलेली आहे. गव्यांना ती ठाऊक नाही. ओहोळाचं पाणी आणि तात्यांचं भात मात्र त्यांना नीट ठाऊक आहे.

आश्विन संपत आला होता. सकाळी साडेसहाला धुकं ओहोळावर बसलेलं असतं. मी म्हशीचं आंबोण ठेवायला मागं गेले, तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी काळे दगड दिसले. तिथं दगड नाहीत, हे लक्षात यायला जरा वेळ लागला. मग त्यातल्या एका दगडानं कान हलवला.

मोजले तर नऊ. सात मोठे आणि मध्ये दोन वासरं. एक वासरू महिन्या-दोन महिन्यांचं असावं, तांबूस तपकिरी. दुसरं अगदी लहान, पिवळसर सोनेरी. इतक्या काळ्या जनावरांत हे असलं हळदीच्या रंगाचं पोर कुठून आलं, असं वाटावं. पण गव्याचं वासरू असंच जन्मतं. मग रंग गडद होत जातो, आधी फिकट तपकिरी, मग कॉफीसारखा. म्हातारे नर जवळजवळ काळेच होतात. म्हणजे रंग बघून वयाचा अंदाज बांधता येतो. आमच्या धाकट्या पुतणीनं हे एका दिवसात शिकून घेतलं आणि नऊच्या नऊ जनावरांची वयं ठरवून टाकली.

मुलांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगावी लागते. हा 'बायसन' नव्हे. इंग्रजी अमदानीतल्या शिकाऱ्यांनी ते नाव दिलं आणि ते हॉटेलांच्या पाट्यांवर अजून आहे. खरे बायसन अमेरिकेत आणि युरोपात असतात, त्यांच्या मानेवर आणि छातीवर केसांची झूल असते. आपला गवा त्यापेक्षा आपल्या गाईच्या जवळचा. जगातल्या रानटी गोवंशात सगळ्यात मोठा हाच. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी पाच-सहा फूट उंच, वजन हजार किलोपर्यंत जातं. मानेपासून अर्ध्या पाठीपर्यंत उंच कणा, वळणदार शिंगं, आणि गुडघ्याखाली पांढरे पाय. मोजे घातल्यासारखे. मादी लहान असते, तिची शिंगं बारीक आणि आत वळलेली. ईशान्येकडं लोक मिथुन पाळतात तो याचाच पाळीव भाऊबंद. गोव्यानं तर गव्याला राज्यप्राण्याचा मान दिलाय.

'गवा' हा शब्द संस्कृत 'गवय'पासून आलेला. न्यायशास्त्र शिकवताना 'उपमान' म्हणजे काय हे समजवायला जुन्या आचार्यांनी हाच गवय उदाहरणाला घेतला आहे. शहरातल्या माणसानं गवय पाहिलेला नसतो. रानातला माणूस त्याला सांगतो की तो गाईसारखा दिसतो. पुढं कधी तो शहरी माणूस रानात जातो, गाईसारखं पण गाय नसलेलं एक जनावर त्याला दिसतं, आणि तो ओळखतो, हाच गवय. ग्रंथातला तो गवय नेमका आपला गवा की दुसरं एखादं जनावर, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण शहरातून आलेला माणूस आणि त्याला सांगणारा रानातला माणूस, ही जोडी आमच्या परसात दर दिवाळीला बघायला मिळते. आमच्याकडं रानातला माणूस म्हणजे तात्या.

तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. वय शहात्तर. त्यांनी गव्यांवर एक पुस्तक वाचलेलं नाही, पण साठ वर्षं त्यांच्या शेजारी शेती केली आहे. ते सांगतात ते मी नंतर पुस्तकांत ताडून बघते, आणि बहुतेक वेळा जुळतं.

कळपाची पुढारीण म्हातारी मादी असते. कुठं चरायचं, कधी हलायचं हे ती ठरवते. मोठे नर एरवी एकटे किंवा दोघं-तिघं मिळून फिरतात आणि माजाच्या दिवसांत कळपात येतात. मादी नऊ महिन्यांच्या आसपास गाभण राहते आणि एका वेळी बहुतेक एकच वासरू देते. विण्याच्या वेळी ती कळपापासून बाजूला होते, दाट जागा धरते, आणि पोर चालायला लागलं की त्याला घेऊन कळपात येते. या मधल्या दिवसांत ती तुम्हाला दिसत नाही. कारवीत पन्नास पावलांवर असेल तरी दिसत नाही. वासरू तर जमिनीला चिकटून बसलेलं असतं. ते तुम्हाला दिसलं नाही तरी त्याच्या आईला तुम्ही दिसलेले असता. खरं तर वास आधीच गेलेला असतो. गव्याचं नाक फार तीक्ष्ण.

गवा स्वभावानं भित्रा. माणसाचा वास आला की शक्यतो निघून जातो. इशारा देताना नाकातून एक फुसकारा काढतो, शिट्टीसारखा, तो ऐकला की सगळा कळप मान वर करतो. मोठा नर रागावला की एकदम धावून येत नाही. तो आधी आडवा उभा राहतो, आपलं सगळं धूड समोरच्याला दिसेल असा, मान खाली घालून. पाहुण्यांना वाटतं, वा, फोटोसाठी छान उभा राहिला. तो खरं तर सांगत असतो की बघ मी केवढा आहे आणि आता माघारी फिर.

वासराची आई मात्र असा अवसर देईलच असं नाही. तिच्या आणि वासराच्या मध्ये तुम्ही आलात, की तिच्या हिशेबात तुम्ही वाघच. वाघ हा गव्याचा मोठा शत्रू, आणि वासरांवर बिबट्या आणि कोळसुंद्यांचाही डोळा असतो. अंगात वाघाशी झुंजण्याची ताकद आणि शेजारी पंधरा दिवसांचं पोर, अशा आईपुढं माणसाची काय कथा.

आता यंदाच्या गोष्टीकडं येते.

तात्यांच्या शेतात इंटाण भात होतं. लोंब्या वाकलेल्या, आठ-दहा दिवसांत कापणी. वीस गुंठे म्हणजे फार नव्हे, पण तेवढ्यावर आमच्या दोन घरांचा वर्षाचा तांदूळ निघतो. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री कळप ओहोळ ओलांडून शेतात उतरला. सकाळी बघितलं तर ओहोळाकडची पट्टी गेलेली. चार-साडेचार गुंठे. निम्मं खाल्लेलं, निम्मं तुडवलेलं. चिखलात खुरांचे मोठे ठसे आणि त्यांच्या बाजूनं रुपयाएवढे... नाही, जरा मोठे, पेल्याच्या तोंडाएवढे वासराचे ठसे. पुतणी त्या ठशांशेजारी बसून राहिली होती. तिच्या मागं तात्या उभे होते आणि आडव्या झालेल्या भाताकडं बघत होते. दोघं एकाच ठिकाणी बघत होती, पण एकच गोष्ट बघत नव्हती.

वनखात्याला कळवलं. वनरक्षक येऊन बघून गेले, फोटो काढले, उतारा आणि पासबुकाची झेरॉक्स घेतली. पीकनुकसानीची भरपाई असते, ती यथावकाश मिळते. पण ती कागदावर मिळते, कणगीत नाही. आमच्या सासूबाईंनी हिशेब केला, यंदा चार पोती कमी. चार पोती म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी दुकानातला तांदूळ आणणं. त्यांच्या लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली, दुकानातला तांदूळ त्यांनी बोटांवर मोजण्याइतक्या वेळा शिजवलाय.

पुतण्या एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला आहे. दुपारी बाजारात जाऊन तो सुतळी बॉम्बची दोन पाकिटं घेऊन आला. "तात्या, आज रात्री येऊ देत. दोन लावतो. परत ह्या बाजूला फिरकणार नाहीत."

तात्यांनी पाकीट हातात घेऊन बघितलं. "लावशील. मग ती कुठं पळतील?"

"रानात."

"अंधारात, कानाशी बॉम्ब वाजल्यावर रान कुठल्या बाजूला हे कुणाला कळतंय? तुला कळेल काय? चौखूर उधळतील. मोठी जातील रस्त्यावर नाहीतर गावात. पोर राहील हितंच. मग आई परत येणार पोराला शोधायला. ती तशी येईल तेव्हा परसात कोण असेल? तुझी आजी पहाटे उठून मागं जाते."

पुतण्या गप्प झाला. पण त्याचा पुढचा प्रश्न खरा होता. "मग काय, खाऊ द्यायचं?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "खाऊ द्या कोण म्हणतंय? माझं चार पोती गेलंय. हाकला की. पण हाकलायचं कसं ते त्यांना विचार."

त्या संध्याकाळी तात्यांनी तीन शेकोट्या रचल्या. एक परसाच्या कडेला, एक गावाच्या वाटेवर, एक शेताच्या वरच्या कोपऱ्यात. चौथी बाजू, ओहोळाची, मोकळी. तिथं काही नाही, माणूस नाही, उजेड नाही. कुत्री आत बांधली. पत्र्याचे दोन डबे आणि काठ्या घेतल्या. पुतण्याला सांगितलं की डबा वाजवायचा तो सावकाश, लांबून, आणि नेहमी एकाच बाजूनं. "जनावराला भीती दाखवायची ती वाट दाखवण्यापुरती. वाट नसली तर भीती घालू नये."

अडीचच्या सुमाराला ओहोळात पाण्याचा आवाज आला. आम्ही पडवीतून बघत होतो, अंधारात काळं काही हलतंय एवढंच. तात्यांनी परसाकडून डबा वाजवला, ठक, ठक, थांबून ठक. वरच्या कोपऱ्यातून पुतण्यानं. एक फुसकारा ऐकू आला आणि मग धप धप करत कळप आल्या वाटेनं परत फिरला. पाणी उडाल्याचा आवाज, कारवी मोडल्याचा आवाज, मग शांत. पुतण्यानं बॅटरी लावून ओहोळाच्या दिशेनं टाकली.

अलीकडच्या काठावर, भातात, दोन डोळे चमकले. खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर. ते लहान वासरू राहिलं होतं. आणि ओहोळाच्या पलीकडं, त्याच उजेडात, आणखी दोन डोळे. ते चांगलेच वर होते.

"बॅटरी बंद," तात्या म्हणाले. ओरडले नाहीत. "खाली बस. डबा खाली ठेव. आता काही करू नको."

त्यानंतर जे झालं त्यात सांगण्यासारखं काहीच नाही, आणि तरी त्या रात्रीचं मला तेवढंच आठवतं. कुणी काही केलं नाही. पुतण्या बांधाआड बसला. तात्या परसात उभे होते ते तसेच, खांबासारखे. मी पुतणीच्या तोंडावर हात ठेवला होता, ती काही बोलत नव्हती तरी. पलीकडून फुसकारा आला. पुन्हा आला. मग एक हलका आवाज, हंबरल्यासारखा पण दबलेला, असा आवाज मी गव्याच्या तोंडून आधी ऐकला नव्हता. वीसेक मिनिटं गेली असतील. भात सळसळलं. पाण्यात लहान पावलांची चुळुक चुळुक झाली. आणि मग कारवीत दोन जनावरं एकदम हलल्याचा आवाज.

सकाळी ठसे बघितले. आई काठावरच उभी होती, जागच्या जागी खूर रोवून. माती इतकी उकरलेली की तिथून ती कितीदा निघायच्या तयारीत आली असेल हे मोजावं. पुतण्या बसला होता तो बांध तिथून साठ-सत्तर पावलांवर. त्यानं ती पावलं स्वतः चालून मोजली. कुणी सांगितलं नव्हतं.

सुतळी बॉम्बची पाकिटं लक्ष्मीपूजनालाही फुटली नाहीत. दुसऱ्या दिवशी तात्यांनी ओहोळाकडची उरलेली पट्टी चार दिवस आधीच कापून घेतली. दाणा जरा ओला होता, वाळवायला अंगण अडलं, पण तेवढं वाचलं. पुढं सहा रात्री शेकोट्या पेटल्या. कळप दोनदा आला, दोनदा फिरला.

हे सगळं गावातल्या एका परसात झालं म्हणून छोटं वाटेल. पण हीच गोष्ट एका मोठ्या शहरात घडलेली तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा आला. बातमी पसरली, गर्दी जमली, जिकडं तो वळेल तिकडं माणसं आणि मोबाइल. काही तास तो धावत राहिला. शेवटी भूल देऊन त्याला पकडलं, पण तो वाचला नाही. त्याच महिन्यात पुढं बावधनजवळ दुसरा गवा दिसला. या वेळी वनखात्यानं आणि पोलिसांनी लोकांना लांब ठेवलं, रानाकडची बाजू मोकळी केली, आणि तो आपल्या पायानं परत गेला. शहर तेच, महिना तोच. दुसऱ्याला वाट मिळाली.

आमच्याकडं चोर्ल्याच्या रस्त्यावर हे नेहमीचं. पहाटे किंवा तिन्हीसांजेला कळप रस्ता ओलांडतो. मोठी पलीकडं जातात, वासरू अलीकडं घुटमळतं. गोव्याला निघालेली मोटार तेवढ्यात हॉर्न मारते, किंवा दार उघडून कुणीतरी फोटोला उतरतं, नेमकं आई आणि वासराच्या मध्ये. गावाचं नाव लिहिलं नाही ते यासाठीच. मागं एका वर्षी जागा कळली आणि पुढच्या रविवारी बांधावर पंधरा मोटारी उभ्या होत्या. त्या आठवड्यात कळप रात्रीचा येऊ लागला. माणसांची वर्दळ वाढली की गवे दिवसाचं चरणं सोडून रात्र धरतात, आणि रात्रीचा गवा शेताला आणि माणसाला दोघांनाही जास्त धोक्याचा.

एक गोष्ट घरी गुरं असणाऱ्यांसाठी. गव्यांचं आजवरचं फार मोठं नुकसान आपल्या गुरांच्या रोगांनीही केलं आहे. बुळकांडीच्या साथीत दक्षिणेतल्या रानांतले गवे मोठ्या संख्येनं मेले. १९६८ सालची मुदुमलाई भागातली साथ अजून अभ्यासकांच्या लिखाणात येते. लसीकरणामुळं बुळकांडी जगातूनच संपली, २०११ मध्ये तसं जाहीर झालं. पण लाळ्या-खुरकूत आहेच. तो गावच्या गुरांकडून रानातल्या गव्यांत जाऊ शकतो. आमच्या म्हशी त्याच ओहोळावर पाणी पितात. तेव्हा गुरांच्या दवाखान्याची लस चुकवू नका. ती तुमच्या गोठ्यासाठी आहे आणि ओहोळापलीकडच्या त्या सोनेरी पोरासाठीही.

आता सुट्टीत गावाकडं, घाटात, किंवा राधानगरी-दाजीपूरला जाणाऱ्या मुलांसाठी थोडं. दाजीपूरला तर १९५८ सालापासून गव्यांसाठी राखलेलं रान आहे, तिथं ते हमखास दिसतात. गवा दिसला की थांबा, पुढं जाऊ नका. कळपात वासरू आहे का ते आधी बघा. एकटं वासरू दिसलं तर ते हरवलंय असं समजून जवळ जाऊ नका, आई आसपासच असते. आल्या वाटेनं हळू मागं फिरा. गाडीत असाल तर दिवे मंद करा, हॉर्न वाजवू नका, कळपातलं शेवटचं जनावर जाईपर्यंत थांबा. चालत असाल आणि तो आडवा उभा राहिला तर फोटोचा मोह सोडा. कुत्रं बरोबर नेऊ नका. वस्तीत गवा आला तर गर्दी करू नका, वनखात्याला कळवा, आणि कळवताना रान कुठल्या बाजूला आहे तेही सांगा. जागेचा पत्ता टाकून फोटो कुठंही चढवू नका. आणि शेतकऱ्याला "किती भाग्यवान तुम्ही, रोज गवे दिसतात" असं म्हणण्याआधी त्याचं भात कापून झालंय का ते विचारा.

पुतण्या परवा बेंगळूरला गेला. जाताना आजीनं त्याला नव्या तांदळाची पाच किलोची पिशवी दिली. दर वर्षी दहाची असते. "यंदा एवढंच," म्हणाल्या. त्यानं निमूट घेतली, आणि मग विचारलं, "पुढच्या वर्षी त्या पट्टीत भाताऐवजी दुसरं काही लावता येईल का, जे ते खात नाहीत?" तात्या म्हणाले, हळद लावून बघू. हळद गवे फारशी खात नाहीत, असं पलीकडच्या गावातला एक जण सांगतो. खरं खोटं पुढच्या आश्विनात कळेल. तुमच्यापैकी कुणाच्या शेतात हा प्रयोग झाला असेल तर जरूर कळवा, तात्यांना वाचून दाखवीन.

पुढच्या अंकात मळणीविषयी.